रोख्यामागचे वास्तव

सिद्धान्ताची गृहीतके खरी असण्याची गरज नाही, त्यांतून निघणारे भाकीत बरोबर आले म्हणजे पुरे, हे मत मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ साली एका निबंधात मांडले. झाडाची पाने जास्तीत जास्त ऊन मिळावे असा हिशेब करून आपापली जागा घेतात असे मानले, तर पाने कुठे दाट असतील ते बरोबर सांगता येते. पाने हिशेब करत नाहीत हे सर्वांना ठाऊक असले तरी काही बिघडत नाही, असे त्यांचे म्हणणे. या निबंधावर तेव्हापासून पुष्कळ टीका झाली. तरी अर्थशास्त्राच्या रोजच्या व्यवहारात जिंकला तो फ्रीडमन यांचाच पक्ष. शेतमालाचे भाव, पीकविमा, शेतीकर्ज यांवर मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यातही हे मत वेश पालटून भेटते. मॉडेल वास्तवाला धरून नाही हे कबूल, पण आकडे तर जुळतात, असे सांगितले जाते. आणि जग खरोखर कसे आहे, त्यात कोणत्या शक्ती काम करतात, हे प्रश्न तत्त्वज्ञांवर सोडावेत, अर्थतज्ज्ञाने त्यांत पडू नये, असा सल्लाही पाठोपाठ मिळतो. मला हे दोन्ही अमान्य आहे. आपल्या जाणिवेपलीकडे एक जग आहे, त्याला स्वतःची रचना आहे, आणि सिद्धान्ताने त्या रचनेला जबाबदार राहिले पाहिजे, एवढीच वास्तववादी तत्त्वज्ञानाची मागणी आहे. ती नाकारली तर हातातला आकडा नेमका कशाचा आहे हेच कळेनासे होते.

आमच्या भागाचेच उदाहरण घ्या. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. ते जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते, आणि घनसावंगी, अंबड हे तालुके मोसंबीचे आहेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाठ्यपुस्तकातला उत्पादक भाव वाढला की जास्त पिकवतो, पडला की कमी पिकवतो. त्याचे भांडवल आणि श्रम आज इकडे तर उद्या तिकडे वळतात. या गृहीतकावर जिल्ह्यातल्या मोसंबीच्या क्षेत्राचे एक समीकरण बसवता येईल, आणि काही वर्षे ते बऱ्यापैकी जुळेलही. आता झाडाकडे पाहा. कलम लावल्यावर नीट फळ हाती यायला पाच-सहा वर्षे जातात. तोवर खड्डे, कलमे, ठिबक, बोअर यांत घातलेला पैसा झाडात अडकलेला असतो. चौथ्या वर्षी भाव पडला म्हणून कोणी बाग उपटत नाही आणि पाचव्या वर्षी तो चढला म्हणून त्याच वर्षी जास्त फळ काढता येत नाही. बहार धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो आणि ताण तोडायला वेळेवर पाणी लागते. म्हणजे भाव हे एक कारण आहे, पण ते पाणी, वय आणि कर्ज या तीन गोष्टींच्या आतून काम करते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागा टँकरने पाणी घालूनही वाळल्या आणि लोकांनी त्या तोडून टाकल्या. समीकरणाच्या दृष्टीने तिथे मोसंबीचे क्षेत्र घटले, एवढेच घडले.

क्षेत्र घटण्याचे दोन अर्थ असू शकतात. भाव परवडेना म्हणून शेतकऱ्याने विचारपूर्वक दुसरे पीक निवडले, हा एक. विहिरीला पाणी राहिले नाही, झाड मेले आणि बागेसाठी काढलेले कर्ज मात्र जिवंत राहिले, हा दुसरा. सातबारावर आणि तालुक्याच्या तक्त्यात दोन्हींची नोंद सारखीच होईल. पहिल्या प्रसंगी सरकारने काही करायची गरज नाही, बाजार आपले काम करतो आहे. दुसऱ्या प्रसंगी गप्प बसणे हा त्या कुटुंबावरचा अन्याय आहे. भाकीत बरोबर आले एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला या दोहोंतला फरक दाखवणारे साधनच उरत नाही, कारण त्याने तो फरक गृहीतकांबरोबरच टाकून दिलेला असतो.

यावर फ्रीडमन यांच्या बाजूने उत्तर आहे आणि ते टाकाऊ नाही. एका आकड्याने निर्णय होत नसेल तर आणखी भाकिते तपासा; पाण्याची पातळी, कर्जाची थकबाकी, नवीन लागवड हे सारे पाहा; चुकीचा सिद्धान्त कुठे ना कुठे उघडा पडेलच. मान्य. पण पाण्याची पातळी तपासावी हे सुचले कशावरून? भावावर धावणाऱ्या समीकरणात पाणी नव्हतेच. झाड पाण्यावर जगते आणि बागायतदार कर्जावर, ही यंत्रणा डोळ्यांपुढे असलेल्या माणसालाच पुढची कसोटी सुचते. गृहीतकांच्या खरेपणाचा प्रश्न पुढच्या दाराने हाकलला तर तो असा मागच्या दाराने परत येतो. पानांच्या दाखल्याचेही तेच आहे. पाने हिशेब करतात ही कल्पना कुठवर चालेल आणि कुठे फसेल, हे कल्पनेत लिहिलेले नसते. प्रकाशाच्या दिशेने वाढ कशी होते हे ज्याला कळले आहे त्यालाच ते सांगता येते. जोवर परिस्थिती बदलत नाही तोवर खोट्या गृहीतकाचा सिद्धान्त चालतो, आणि सल्ल्याची गरज नेमकी परिस्थिती बदलल्यावर पडते.

हा वाद आपल्याकडे फ्रीडमन यांच्या साठ वर्षे आधी झालेला आहे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महादेव गोविंद रानडे यांनी 'इंडियन पोलिटिकल इकॉनॉमी' या विषयावर व्याख्यान दिले. इंग्लंडातल्या प्रस्थापित अर्थशास्त्राने धरलेली गृहीतके त्यांनी एकामागून एक समोर ठेवली: माणूस स्वतःच्या लाभापुरताच विचार करतो, करार करणारे दोघे समान आणि स्वतंत्र असतात, भांडवल आणि श्रम मोकळेपणी हलतात. ही गृहीतके अक्षरशः कोणत्याच समाजाला लागू पडत नाहीत आणि हिंदुस्थानात तर त्यांच्या उलट स्थिती आहे, असे त्यांनी सांगितले. इथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात प्रबळ, करारापेक्षा जन्मसिद्ध दर्जा प्रबळ, आणि भांडवल व श्रम जागचे हलत नाहीत. त्यांचा खरा रोख मात्र आणखी खोलवर होता. सिद्धान्त तात्त्विकदृष्ट्या बरोबर आहे, व्यवहारात फक्त लागू पडत नाही, ही पळवाट त्यांनी बंद केली. व्यवहाराला लागू न पडणाऱ्या तत्त्वातच काही तरी चुकलेले असते, ही त्यांची भूमिका होती. रानड्यांना आपण समाजसुधारक आणि न्यायमूर्ती म्हणून आठवतो. अर्थशास्त्राच्या पद्धतीवर इतक्या मुळातून विचार करणारा माणूस म्हणून त्यांना मिळायला हवी ती जागा आपण दिलेली नाही, हे मला फार खटकते.

ते हे हवेत बोलत नव्हते. १८७९ च्या दक्षिण शेतकरी कायद्याखाली त्यांनी न्यायाधीश म्हणून काम केले होते. या कायद्यामागचा इतिहास असा: अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, युद्ध संपल्यावर कोसळले, त्यातच नव्या पाहणीत सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज मुद्दलात धरी. दिवाणी कोर्टात पुष्कळदा एकतर्फी निकाल लागत. १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी मुख्यतः सावकारांकडचे रोखे आणि खतपत्रे हिसकावून जाळली. त्या लोकांना आपल्या दुःखाचे कारण कुठल्या कागदात आहे हे ठाऊक होते. रोखा पाहणाऱ्या कोर्टासाठी प्रश्न सोपा होता: दोन स्वतंत्र माणसांनी करार केला, सही किंवा निशाणी आहे, रक्कम लिहिलेली आहे, वसुली करा. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायला सांगितले. प्रत्यक्ष हातात किती पैसे दिले, व्याज किती वेळा मुद्दलात घातले, आजवर किती फिटले, याचा देवघेवीच्या आरंभापासून हिशेब काढायचा आणि मग निकाल द्यायचा. अर्थव्यवहाराच्या वास्तववादी आकलनाचा याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही. रोख्यावरची शंभराची रक्कम खरीच होती, पण शंभर रुपये खरोखर उसने दिल्यानेही ती तिथे येऊ शकत होती आणि चाळीस रुपये तीन वेळा उलटून लिहिल्यानेही. आमची घनसावंगीची बाजू तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि हा कायदा तिला लागू नव्हता. पण गहाणाची आणि रोख्याची रीत राज्याच्या सीमेपाशी थांबत नव्हती.

या कायद्याने सावकारी संपली का, असे कोणी विचारील. नाही संपली. सावकारांनी हात आखडले, काहींनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. बाजाराचे समर्थक हा दाखला हटकून देतात: पाहा, कराराच्या स्वातंत्र्यात हात घातला आणि गरिबाचे कर्जच आटले. पण हा दाखला त्यांच्या बाजूला जात नाही. पेरणीच्या तोंडावर बियाणे आणि सारा यांसाठी पैसा लागतो, दुसरा सावकार नाही, बँक नाही. ही गरज जशीच्या तशी राहिली आणि कायद्याने फक्त कागदाचा एक प्रकार दुबळा केला. दाब तोच असल्यावर तो दुसऱ्या कागदातून बाहेर पडणारच होता. हे भाकीतसुद्धा यंत्रणा ओळखूनच करता येते. कायदा अपुरा पडला, कारण तो वास्तवाच्या एकाच थरापर्यंत गेला होता.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. कोणताही सिद्धान्त सगळे वास्तव पोटात घेऊ शकत नाही. काही तरी गाळावेच लागते. मग वास्तववादाच्या नावाने ओरड कशाला? या आक्षेपाला उत्तर द्यायला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या कामाइतके चांगले उदाहरण नाही. पीकविम्यात प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे मोजण्याचे प्रयोग फसत आहेत हे पाहून १९७६ साली त्यांनी क्षेत्राधारित विम्याची कल्पना मांडली: सारखी जमीन, सारखा पाऊस असलेला भाग हा एक घटक धरा, त्याचे सरासरी उत्पादन मोजा, ते ठरलेल्या पातळीखाली गेले तर त्या भागातल्या सर्व विमेदारांना भरपाई द्या. १९७९ च्या प्रायोगिक योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेपर्यंत हाच पाया राहिला आहे. आज महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांवरून निघालेले उत्पादन उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. दांडेकरांनी एकेका शेतकऱ्याला गाळले, पण तो नाही असे मानले नाही. लाखो तुकड्यांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा नाही, आपल्याच नुकसानीचा आकडा फुगवण्याचा मोह खरा आहे, आणि एका मंडळातल्या शेतांवर दुष्काळ बहुतेक एकदम येतो, या तीन गोष्टी ओळखून त्यांनी सरासरी निवडली होती. हे गाळणे एका खऱ्या यंत्रणेला वेगळे काढण्यासाठी होते. खोटे मानणे याहून निराळे. करार करणारे दोघे समान आहेत असे मानणारा माणूस असमानता बाजूला ठेवत नाही, तिच्या जागी उलटी गोष्ट बसवतो. पहिल्या प्रकारात काय सुटले ते नंतर शोधून भरता येते, दुसऱ्यात ते सुटल्याचेच कळत नाही. विमा योजनेत हे भरणे प्रत्यक्ष झाले आहे: गारपीट, शेतात पाणी तुंबणे यांसारख्या स्थानिक आपत्तींसाठी शेतनिहाय पाहणीची तरतूद जोडावी लागली, कारण मंडळाची सरासरी चांगली आली तरी नाल्याकाठचे शेत वाहून गेलेले असू शकते. गैरसमज व्हायला लागतो तो नंतर, जेव्हा मंडळाच्या सरासरीलाच शेतकऱ्याचे उत्पादन म्हटले जाते आणि ज्याचे शेत गेले त्याला तुझे नुकसान झालेले नाही असे सांगितले जाते. तो दोष दांडेकरांच्या सिद्धान्तावर लादता येणार नाही. सिद्धान्त कशाबद्दल आहे हे विसरल्याचा तो परिणाम आहे.

मग वास्तववाद म्हणजे गावोगाव फिरून माहिती गोळा करणे का? तसे मानणारेही बरेच आहेत, आणि ती चूक फ्रीडमनवाद्यांच्या चुकीइतकीच मोठी आहे. हॅरल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिथे उंच इमारती उभ्या आहेत. तेव्हा तिथे १५६ खातेदारांच्या जमिनी ७२९ तुकड्यांत विखुरल्या होत्या आणि त्यांतले ४६३ तुकडे एका एकराहून लहान होते. माहिती उत्तम, कष्टाने मिळवलेली, आजही उपयोगी. तिच्यासारख्या माहितीवरून त्या काळच्या अनेक जाणकारांनी निष्कर्ष काढला की शेतीच्या दैन्याचे कारण लहान तुकडे, आणि उपाय एकत्रीकरण. १९१८ साली भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून हा निष्कर्ष उलटवला. त्यांनी तुकडे नाकारले नाहीत. जमीन परवडणारी आहे की नाही हे तिच्या एकरांवरून किंवा तिच्यावर कुटुंब पोसते का यावरून ठरत नाही, श्रम आणि भांडवल तिच्याशी कोणत्या प्रमाणात जोडलेले आहेत त्यावरून ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. नांगर आणि बैल आहे त्या छोट्या धारणांनासुद्धा पुरत नाहीत, तिथे धारणा मोठ्या करून काय साधणार? दुसरीकडे शेतीवर खपणारी माणसे गरजेहून जास्त आहेत आणि त्यांना दुसरे काम नाही, म्हणून जमिनीची मागणी वाढते आणि वाटण्या होत राहतात. लहान तुकडा हे लक्षण. कारण त्याच्या मागे, शेतीबाहेर, उद्योग नसण्यात आहे. तुकडा डोळ्यांना दिसतो, मोजता येतो. बेकार श्रम कुणाच्या सातबारावर नोंदलेला नसतो, आणि तरीही तो तुकड्याइतकाच खरा असतो, किंबहुना तुकडा त्याच्यामुळे आहे. रॉय भास्कर यांनी १९७५ साली विज्ञानाच्या वास्तववादी सिद्धान्तात, आणि त्यांच्या मागोमाग टोनी लॉसन यांनी १९९७ साली अर्थशास्त्रात, घटनांच्या मागे काम करणाऱ्या रचनांचा जो आग्रह धरला, तो आंबेडकरांनी सत्तावीस वर्षांच्या वयात आचरून दाखवला होता.

लॉसन यांच्याशी माझे एका ठिकाणी पटत नाही. अर्थशास्त्रातल्या गणिती मॉडेलांबद्दल त्यांचा संशय जवळजवळ सरसकट आहे. दांडेकर संख्याशास्त्रज्ञ होते, महालनोबिसांच्या हाताखाली तयार झालेले. आणि वास्तवाची त्यांची पकड गणितामुळे सैल झाली नाही, घट्ट झाली. प्रश्न चिन्हांचा नाही, चिन्हे कशाच्या जागी उभी आहेत याचा आहे. वास्तववाद हा पाश्चात्त्य विचार, आपली परंपरा जगाला माया म्हणणारी, असाही एक सूर ऐकू येतो. न्याय आणि वैशेषिक ही दर्शने जगाचे स्वतंत्र अस्तित्व मानून उभी आहेत आणि कारणाचा विचार त्यांनी फार बारकाईने केला आहे. खुद्द जांबेच्या रामदासांनी, अद्वैत मानूनही, दासबोधात प्रपंच नेटका करण्यावर आणि प्रचीतीवाचून काही न स्वीकारण्यावर किती भर दिला आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको. या आक्षेपावर याहून अधिक वेळ घालवण्याची गरज नाही.

शेवटचा आक्षेप धोरणकर्त्यांचा आहे: संकट दारात उभे असताना रचना आणि यंत्रणा शोधत बसायला सवड कुणाला? १९७२-७३ चा दुष्काळ हे त्याचे उत्तर आहे. मराठवाड्यात तो फार तीव्र होता. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. धान्य कमी पडले म्हणून माणसे मरतात, एवढाच सिद्धान्त हाती असता तर सगळा भर धान्य आणण्यावर राहिला असता, आणि जिथे मजुराच्या हातात पैसाच नाही तिथे दुकानात आलेले धान्य त्याच्या घरी पोचले नसते. पाऊस गेला की शेतमजुरी आधी जाते, तिच्यामागून खरेदीची ताकद जाते, आणि भूक त्या वाटेने येते, हे ज्यांना दिसत होते त्यांनी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. मे १९७३ मध्ये राज्यातल्या कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. अमर्त्य सेन यांचे दुष्काळावरचे पुस्तक त्यानंतर आठ वर्षांनी, १९८१ साली आले. धान्याच्या सिद्धान्तातून पाहिले तर पाऊस पडून पीक आले की अशी कामे कायमची बंद करावीत असाच हिशेब निघतो. मजुरीच्या सिद्धान्तातून तो निघत नाही, कारण काम नसण्याचे महिने चांगल्या पावसाच्या वर्षीही येतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी धरून ठेवलेली, मागेल त्याला काम देण्याची कल्पना दुष्काळ ओसरल्यावर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा होऊन उभी राहिली ती याच कारणाने.